जुन्या फर्निचरपासून बाक किंवा सेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना पलंग, ड्रॉवरचं कपाट, बैठक फाटलेल्या खुर्च्या यांपासून बसायची नवी वस्तू करताना पुन्हा पुन्हा जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. रंगरूपाबद्दल कमी आणि वजनाबद्दल जास्त लिहिलं आहे. कपाटातले कपडे ठेवले तिथेच राहतात. बसणारा माणूस मात्र धपकन बसतो, मागे रेलतो, एका कुशीवर कलतो, उठताना हाताने रेटा देतो. हे सगळं सोसेल अशी वस्तू करणं हेच यातलं खरं काम. रंग आवडला नाही तर पुन्हा देता येतो.

कोणतं जुनं फर्निचर यासाठी चांगलं?

आधीपासून वजन पेलत आलेलं. पलंग, दिवाण, जेवणाचं टेबल, खुर्च्या, जाड फळ्यांची पेटी यांचा सांगाडा भाराचाच असतो, त्यामुळे अर्धं काम झालेलं असतं. कपाट, टीव्हीचं स्टँड, पुस्तकांची मांडणी यांचाही बाक होतो, पण तिथे आतून नवा आधार द्यावा लागतो. दिसतं त्याहून ते काम जास्त आहे.

वस्तू निवडण्याआधी ती एका कोपऱ्याला धरून हलवून बघा. जोड सुटल्यामुळे हलत असेल तर काळजी नको. जोड उघडून, साफ करून पुन्हा चिकटवता येतो. पायच उभा चिरला असेल, किंवा जोडाच्या जागचं लाकूड मऊ पडून नखाने खरवडलं जात असेल, तर तो भाग वापरू नका. बाकीचं लाकूड सुट्या फळ्या म्हणून कामी येईल.

खरं लाकूड आहे की दाबलेला भुसा, हे कसं ओळखायचं?

ड्रॉवर बाहेर काढा आणि रंग न दिलेली कड बघा. लाकडाचे कण दाबून बसवलेले दिसले तर तो चिपबोर्ड, जाड पुठ्ठ्यासारखा एकसंध तपकिरी भाग दिसला तर एमडीएफ, एकावर एक थर दिसले तर प्लायवूड. खऱ्या लाकडात वरच्या रेषा फळीच्या टोकाशी जाऊन आत वळतात. वर रेषा आणि कडेला काहीच नाही, असं असेल तर वर विनीर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा छापील कागद आहे.

चिपबोर्ड टाकाऊच असतो असं नाही. कप्प्याची भिंत, ड्रॉवरचं तोंड यासाठी तो चालतो. बैठक, पाय आणि बैठकीला उचलून धरणाऱ्या पट्ट्या मात्र त्याच्या करू नयेत. त्याच्या कडेत मारलेला स्क्रू थोड्याच दिवसांत भोक मोठं करून बाहेर येतो. पाणी लागून एकदा फुगलेला चिपबोर्ड वाळल्यावर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, तेव्हा तळाशी फुगलेल्या बाजू सरळ कापून टाका.

लाकडाला बारीक भोकं आहेत. वापरावं का?

भोकं जुनी आहेत की कीड अजून आत आहे, हे आधी बघा. वस्तू झाडून-पुसून काळ्या कागदावर ठेवा आणि काही आठवडे तशीच राहू द्या. कागदावर पिठासारखी बारीक पूड पडली तर कीड जिवंत आहे. अशी वस्तू घरातल्या इतर लाकडी सामानापासून लांबच ठेवा. बोरेटचं औषध कच्च्या, रंग न दिलेल्या लाकडातच मुरतं; वॉर्निशवरून लावलं तर वरच राहतं. म्हणजे आधी घासायचं, मग औषध.

वाळवीची गोष्ट वेगळी. ती लाकूड आतून पोकळ करते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. आवाज जिथे बदलेल, पोकळ येईल, तिथे टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर तो तुकडा बसण्याच्या कामाचा राहिलेला नाही.

बसायची मापं किती ठेवावीत?

जमिनीपासून बैठकीची उंची ४२ ते ४६ सेंटीमीटर, म्हणजे साधारण १७ ते १८ इंच. ही गादीसकट आणि बसल्यावर दबलेली उंची आहे. गादी जाड असेल तर लाकडी बैठक तेवढी खाली घ्यावी लागते, आणि हे कापण्याआधी ठरवायचं असतं. बैठकीची खोली जेवणाच्या किंवा दाराजवळच्या बाकाला ४० ते ४५ सेंटीमीटर पुरते. रेलून बसायच्या सेटीला ५० ते ५५ लागते. त्यापेक्षा खोल केली तर बुटक्या माणसाची पाठ टेकत नाही किंवा पाय अधांतरी राहतात. माणशी रुंदी ५५ ते ६० सेंटीमीटर धरा. हात टेकायची जागा दबलेल्या बैठकीपासून १८ ते २३ सेंटीमीटर वर असावी.

घरात वयस्कर माणूस असेल तर उंची ४६ च्याही किंचित वर न्या आणि हात ठेवायला दोन्ही बाजूंना भक्कम आधार द्या. खाली रुतणाऱ्या बैठकीतून उठणं गुडघ्यांना फार जड जातं. दिसायला छान म्हणून बुटकी सेटी करण्याच्या मी ठाम विरोधात आहे.

पलंगाचा बाक कसा करायचा?

नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी, असं मी सांगेन. पलंगाचे भाग बाकासाठी जवळजवळ तयारच असतात. उशाकडची उंच फळी पाठ होते. पायथ्याकडची बुटकी फळी मधोमध कापली की दोन हात होतात. बाजूच्या लांब पट्ट्यांतून पुढची पट्टी निघते.

पायथ्याची फळी कापताना दिशेचा घोळ होतो, म्हणून नीट सांगते. दोन्ही तुकड्यांना एकेका टोकाला मूळचा पाय आहे. ते पायाचं टोक पुढे ठेवायचं आणि कापलेलं टोक मागे, उशाच्या फळीच्या खांबाला भिडवायचं. जोडी पलंगाची फळी दीडएक मीटर लांब असते, म्हणजे अर्धा तुकडा ७५ सेंटीमीटरच्या आसपास येतो. बाकाला इतकी खोली नको. कापलेल्या बाजूनेच आणखी कापून तो ५० सेंटीमीटरवर आणा. पायाच्या बाजूला करवत लावू नका.

तिन्ही भाग उभे करून गुण्याने काटकोन तपासा आणि पुढे दोन पायांच्या मध्ये पलंगाची बाजूची पट्टी मापाने कापून बसवा. आता चौकटीच्या आतून चारही बाजूंना जाड रीप लावायची. रिपेची वरची कड ही लाकडी बैठकीच्या उंचीतून फळीची जाडी वजा करून येते. ४३ सेंटीमीटरवर १८ मिलिमीटरची फळी हवी असेल, तर रीप ४१.२ वर.

इथे बहुतेक जण थांबतात. रीप फक्त स्क्रूने बाजूला लटकलेली राहते, म्हणजे बसणाऱ्याचा सगळा भार त्या पाच-सहा स्क्रूंवर येतो. म्हणून रिपेच्या खाली, चारही कोपऱ्यांत, पायाला चिकटून जमिनीपर्यंत एकेक टेका उभा करा. पलंगाच्या उरलेल्या पट्टीचे तुकडे त्याला पुरतात. मग वजन फळीवरून रिपेवर, रिपेवरून टेक्यावर आणि टेक्यावरून जमिनीवर उतरतं. स्क्रूचं काम फक्त भाग जागेवर धरून ठेवण्याचं राहतं. ही एक गोष्ट पाळली की बाक वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. या पानावरच्या बाकी सगळ्या उत्तरांच्या मुळाशी हाच नियम आहे.

दीड मीटरच्या बाकाला मध्ये सारख्या अंतरावर आणखी दोन आडव्या पट्ट्या पुढून मागे टाका आणि त्यांच्याखाली एकेक पाय द्या. १८ मिलिमीटरच्या प्लायला साधारण दर ४० ते ५० सेंटीमीटरवर खालून आधार मिळाला तर ती झुकत नाही.

उशाची फळी बहुधा अगदी सरळ उभी असते आणि सरळ पाठीला माणूस फार वेळ टेकून बसू शकत नाही. बैठकीची मागची बाजू पुढच्यापेक्षा एक ते दोन सेंटीमीटर खाली घेतली तर बराच फरक पडतो. त्यावर पाठीला एक उशी दिली की काम झालं. फळी कोरीव असेल तर उशी हवीच. कोरीव नक्षी बघायला सुंदर आणि मणक्याला टोचणारी असते.

ड्रॉवरच्या कपाटाचा बाक करता येतो का?

येतो, पण आधी कपाट उभं कशामुळे राहतं ते समजून घ्या. वरची फळी दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधून ठेवते आणि मागचा पातळ प्लाय सगळ्याला काटकोनात ठेवतो. तीन-चार मिलिमीटरचा तो प्लाय बिनकामाचा वाटतो, पण तो काढला की अख्खा सांगाडा एका हाताने तिरपा होतो. खात्री करायची असेल तर रिकाम्या कपाटाचा मागचा प्लाय सोडवून बाजूने हलकेच ढकलून बघा.

बाकासाठी आपण वरची फळी आणि वरचे ड्रॉवर काढतो, खालचा एक ड्रॉवर राहू देतो, बाजूंचा उरलेला भाग हात म्हणून वापरतो. म्हणजे बांधून ठेवणारी वरची फळी गेली. तिची जागा बैठकीच्या फळीने घ्यायला हवी. ती दोन्ही बाजूंना घट्ट भिडेल अशी कापा, खाली रीप देऊन गोंद आणि स्क्रू दोन्हींनी बसवा. मागच्या पातळ प्लायच्या जागी निदान १२ मिलिमीटरचा प्लाय तळापासून पाठीच्या टोकापर्यंत एकसलग लावा. तो बाजू बांधतो आणि रेलणाऱ्या पाठीलाही पेलतो.

ड्रॉवरच्या मधली आडवी पट्टी बारीक असते. ती ड्रॉवर सरकवण्यासाठी केलेली असते, माणसासाठी नाही. ८० सेंटीमीटरहून रुंद कपाट असेल तर खालच्या एका मोठ्या ड्रॉवरऐवजी मध्ये उभी भिंत घालून दोन कप्पे करा. ती भिंत तळाच्या फळीवर संपू नये. तिच्या बरोबर खाली पाय किंवा ठोकळा असावा, नाहीतर तळच झुकेल. पूर्ण कपाट चिपबोर्डचं असेल तर हे काम करू नये, असं माझं मत आहे. इतके आधार द्यावे लागतात की शेवटी जुन्याचं फक्त ड्रॉवरचं तोंड उरतं. आणि तयार बाक भिंतीला टेकूनच ठेवा, त्याचा तळ अरुंद असतो.

दोन जुन्या खुर्च्या जोडून बाक होतो का?

होतो आणि सुंदर होतो. सारख्या उंचीच्या दोन खुर्च्यांच्या बैठका काढा, शेजारी शेजारी थोडं अंतर ठेवून उभ्या करा, पुढून आणि मागून एकेक लांब पट्टी चारही पायांवरून नेऊन बांधा आणि वर एकच फळी टाका. दोन खुर्च्यांमधलं अंतर ४० ते ५० सेंटीमीटरच्या आत ठेवा, म्हणजे मधला माणूसही आधारावर बसतो. पट्ट्या लावण्याआधी दोन्ही खुर्च्यांचे सैल जोड दुरुस्त करा. नंतर ते उघडता येत नाहीत.

स्क्रू पुरेसे आहेत की गोंदही हवा?

लाकडाला लाकूड जोडताना दोन्ही. लाकडाचा पांढरा गोंद नीट बसलेल्या जोडात लाकडाइतकाच पक्का होतो, पण त्याला स्वच्छ लाकूड लागतं. जुन्या वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. जोड उघडा, जुना थर पटाशीने किंवा पॉलिश पेपरने खरवडा, मगच लावा. फार जुन्या फर्निचरमधला सरस (हाडा-कातड्याचा गोंद) कोमट पाण्याने मऊ पडतो, ओल्या फडक्याने पुसून निघतो. जोड क्लॅम्पने आवळून किमान तासभर ठेवा आणि त्यावर वजन द्यायचं ते २४ तासांनंतर.

स्क्रूआधी बारीक भोक पाडायचंच. जुनं लाकूड कोरडं असतं, थेट स्क्रू मारला की रेषेवर तडकतं. स्क्रूचा निदान अर्ध्याहून जास्त भाग दुसऱ्या लाकडात गेला पाहिजे: १८ मिलिमीटरची फळी जाड पट्टीवर बसवताना ५० मिलिमीटरचा स्क्रू बरोबर. फळीच्या टोकात, म्हणजे रेषांच्या दिशेने, मारलेला स्क्रू नीट धरत नाही. तिथे आतून लाकडाचा ठोकळा किंवा लोखंडी कोन द्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. बैठकीला अखंड लाकडाची रुंद फळी वापरली असेल तर ती गोंदाने चौकटीला चिकटवू नका. हवेतल्या ओलीप्रमाणे फळी रुंदीत फुगते आणि आकसते. तिला जागा मिळाली नाही तर ती फाटते. स्क्रूची भोकं थोडी लांबट ठेवा. प्लायवूडला ही अडचण नाही.

जुना रंग घासून काढायचा आहे. काय काळजी घ्यावी?

जुन्या तैलरंगांमध्ये शिसं असायचं. वस्तू किती जुनी आहे हे माहीत नसेल तर शिसं आहे असंच धरून चाला. कोरडं घासू नका, मशीन तर अजिबात लावू नका. पाण्याने ओलं करून वॉटर पेपरने घासा किंवा रंग काढायचं रसायन वापरा. जोराची गरम हवा देऊन रंग जाळू नका, त्याची वाफ वाईट. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया त्या जागी नकोत. चिखलासारखा निघालेला रंग कागदात गुंडाळून टाका, अंगणात किंवा मोरीत धुऊ नका. साध्या धुळीसाठीचा कापडी मास्क इथे पुरत नाही.

रंग घट्ट असेल, पोपडे नसतील, तर तो काढूच नये. ओल्या वॉटर पेपरने हलकंच घासून वर प्रायमर (रंगाआधीचा थर) द्यावा.

पॉलिश करावं की रंग द्यावा?

लाकूड बघून ठरवा. चांगलं लाकूड रंगाखाली झाकायला जिवावर येतं. तुकडे वेगवेगळ्या लाकडांचे असतील तर एकच रंग त्यांना एकत्र आणतो. घासताना ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १२०, शेवटी १८० किंवा २२०. विनीर असेल तर ८० हातात घेऊच नका. विनीरचा थर अनेकदा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो आणि एकदा पार झाला की परत येत नाही. सनमायकासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर आधी हलकं खरवडून चिकटणारा प्रायमर द्या, नाहीतर रंग नखाने निघतो.

जवसाचं तेल किंवा त्यावर केलेलं पॉलिश वापरत असाल तर चिंध्यांची काळजी घ्या. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून बादलीत टाकल्या तर ती उष्णता आत कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. काम झालं की त्या बाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. आज आवरायचं काम उद्यावर टाकू नये, असं हे काम आहे.

गादीसाठी फोम कोणता?

रोजच्या बसण्याला ३२ ते ४० डेन्सिटीचा. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. हलका फोम दुकानात दाबल्यावर छान वाटतो आणि काही महिन्यांत मध्ये खड्डा पडतो. थोडा वेळ बसायच्या बाकाला ५ सेंटीमीटर जाडी चालते. सेटीला १० हवी. प्लायवर फोम ठेवणार असाल तर प्लायला जागोजागी भोकं पाडा. बसल्यावर हवा बाहेर पडायला वाट मिळते आणि फोममध्ये ओल साठत नाही. कापड खाली दुमडून स्टेपल करायचं असेल तर चारही बाजूंना फोमच्या जाडीखेरीज ८ ते १० सेंटीमीटर जास्त घ्या. स्टेपल प्रत्येक बाजूच्या मधोमध सुरू करून कोपऱ्यांकडे जा. कोपऱ्यापासून सुरू केलं की कापड तिरकं ओढलं जातं.

झाकणाच्या पेटीचा बाक केला तर मुलांना धोका आहे का?

आहे, पण तो टाळता येतो. पेटीत लपणं हा मुलांचा आवडता खेळ. म्हणून आपोआप अडकणारी कडी किंवा कुलूप काढूनच टाका. झाकण आतून ढकलल्यावर उघडलं पाहिजे. पेटी भिंतीला टेकवल्यावरही मोकळी राहतील अशी हवेची भोकं पुढे किंवा बाजूला पाडा. झाकणाला हळू बंद होणाऱ्या बिजागऱ्या किंवा कुठेही थांबणारे आधार लावा, म्हणजे बोटांवर किंवा मानेवर ते आदळत नाही. यातलं काही जमणार नसेल तर झाकण स्क्रूने कायमचं बंद करा.

किती माणसं बसू शकतील, हे कसं तपासायचं?

जागा जितक्या माणसांची तितक्यांचं वजन, त्यावर अर्धं आणखी. तीन माणसांचा बाक असेल तर साडेतीनशे किलोच्या आसपास वजन हळूहळू ठेवत जा: पाण्याचे भरलेले कॅन सोयीचे, एक लिटर म्हणजे एक किलो. बैठकीखाली दोरा ताणून धरला तर फळी किती झुकली ते दिसतं. वजन काढल्यावर फळी पूर्ण सरळ झाली पाहिजे. मग रिकाम्या बाकाला बाजूने आणि मागे जोर लावून हलवा. कुठेही चुरचुर ऐकू आली तर तो जोड सरकतोय.

घराबाहेर ठेवता येईल का?

अखंड लाकडाचा असेल आणि पाणी साचणार नाही अशी फटींची बैठक असेल तर ठेवता येईल. पट्ट्यांमध्ये पाच-सात मिलिमीटरची फट ठेवा, पायांखाली रबर द्या, गंज न धरणारे स्क्रू वापरा. चिपबोर्ड आणि एमडीएफ बाहेर टिकत नाहीत, कितीही रंग दिला तरी.

कोणतं फर्निचर कापूच नये?

हाताने केलेले जोड, जुनं कोरीव काम, कारागिराचा शिक्का किंवा सही दिसली तर थांबा आणि जाणकाराला दाखवा. घरातल्या दुसऱ्या कुणाचा जीव त्या वस्तूत असेल तर त्या माणसालाही आधी विचारा. एकदा करवत फिरली की मूळची वस्तू परत होत नाही. अशा वस्तूला बसण्याजोगं करायचं तर फक्त दुरुस्ती करा आणि वर सुटी गादी ठेवा.

स्वतः करावं की सुताराकडे द्यावं?

घासणं, रंग, गादी, खुर्च्यांचे साधे जोड घरी जमतात. लांब सरळ काप, चिरलेला पाय बदलणं आणि पाठ तिरकी करणं सुताराला द्या. त्याच्याकडे जाताना चित्राबरोबर आकडेही घेऊन जा: दबलेल्या गादीसकट बैठकीची उंची, खोली, किती माणसं, घरात किंवा बाहेर. आणि काम सुरू होण्याआधी एकच प्रश्न विचारा, बैठकीचं वजन जमिनीपर्यंत कुठून उतरणार? चांगला सुतार बोट ठेवून प्रत्येक टेका दाखवतो. उत्तर फक्त «स्क्रू भरपूर मारू» असं आलं तर टेके वाढवायला सांगा.